कान्हेरीची पोढी आणि घाटकोपरचे पिंप



मुंबईला जाऊन आलेली आपली मंडळी काय काय पाहून येतात? राणीचा बाग, चौपाटी, गेट वे ऑफ इंडिया, महालक्ष्मी आणि सिद्धिविनायक. पाहण्यासारखेच आहे ते सारे. पण आज आपल्या बहुतेकांची लेक, भाचा नाहीतर पुतण्या राहतो तो मुंबईच्या उपनगरांत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत. तेव्हा पुढच्या खेपेला तिकडे गेलात, तर एक दिवस राखून ठेवा आणि जेथे नळ पोचत नाही तेथे माणसे पाणी कसे भरतात, कसे साठवतात, ते पाहून या.

तुम्ही म्हणाल, पाणी भरायचे पाहायला मुंबईला कशाला जायचे? ते तर आमच्या पाचवीलाच पुजले आहे! खरे आहे. गावात नळयोजना आली, पण शेतातल्या वस्तीपर्यंत तिची नळी अजून पुष्कळ ठिकाणी पोचलेली नाही. चैत्र-वैशाखात टँकर येतो, घरातली बाईमाणसे हंडे-पिंपे घेऊन धावतात, आणि भरलेले पाणी पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचे असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे बिऱ्हाड तर सहा-सहा महिने कोपीत. त्यांचे पाणी म्हणजे ट्रॉलीवर नेलेले एक पिंप. मी शेतीखात्यात नोकरी करतो. वस्त्यावस्त्यांवर फिरण्यात उमर गेली, आणि या पाण्याच्या पिंपाकडे माझे लक्ष आधी जाते. पाणी मिळाले म्हणजे काम झाले असे आपण समजतो. पण खरे काम तेथूनच सुरू होते. टाकी भरायची कशी, झाकायची कशी आणि तिच्यातून पाणी काढायचे कसे, यावर घराचे आरोग्य ठरते. हे शिकवणाऱ्या दोन जागा मुंबईच्या उपनगरांत आहेत. एक दोन हजार वर्षांची जुनी, एक आजची.

डोंगराच्या पोटातल्या टाक्या

बोरिवली स्टेशनवर पूर्वेला उतरा. थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे ध्यानात ठेवा. फाटकापासून आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. जायला उद्यानातून वाहनाची सोय असते. पायांत बळ असेल तर सकाळच्या वेळी चालतही जाता येते. दोन्ही बाजूंना साग, ऐन, करंज आणि बांबू. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत असे शंभर चौरस किलोमीटरचे रान आहे, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे बौद्ध भिक्षू येथे राहिले. लेणी शंभराहून अधिक आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि तिथल्या बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती पाहून सगळे प्रवासी थक्क होतात आणि परततात. तुम्ही मात्र लगेच परतू नका. पायऱ्या चढून वरच्या लहान लेण्यांकडे जा आणि प्रत्येक लेण्याच्या अंगणात एका कडेला वाकून पाहा. खडकात कोरलेले एक चौकोनी तोंड दिसेल. आत अंधार, आणि अंधारात पाणी.

हीच पोढी. कान्हेरीच्या जुन्या शिलालेखांत पाण्याच्या टाकीला हाच शब्द आहे. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःची पोढी आहे. नदी खाली, विहार वर. तेव्हा रोज पाणी वाहण्यापेक्षा पाणीच दाराशी साठवायचे, अशी ही व्यवस्था.

आता ही टाकी भरते कशी ते पाहा. मान वर करा. लेण्याच्या कपाळावर, माथ्यावरच्या उतारावर, खडकात बोटभर, वीतभर खोल पन्हळी कोरलेल्या दिसतील. डोंगरावर पडलेला पाऊस लेण्याच्या दारात न पडता या पन्हळीतून बाजूला वळतो आणि पोढीकडे येतो. म्हणजे घर कोरडे राहते आणि टाकी भरते. एका कामात दोन कामे. आपल्या पत्र्याच्या घराला पन्हळ लावतो ना आपण, तीच ही गोष्ट. फरक एवढाच, की आपण पन्हळीचे पाणी अंगणात सोडून देतो आणि चार महिन्यांनी टँकरची वाट पाहत बसतो.

उपनगरांत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. पण पाऊस कितीही पडो, तो चार महिन्यांचाच. उरलेले आठ महिने कान्हेरीचा डोंगरही तुमच्या माझ्या माळासारखाच कोरडा. त्या आठ महिन्यांसाठीच या टाक्या.

पोढीची घडण नीट न्याहाळा. तोंड लहान, पोट मोठे. तोंड लहान म्हणून ऊन आत जात नाही. ऊन नाही म्हणून शेवाळ धरत नाही आणि पाणी वाफ होऊन उडतही नाही. पालापाचोळा कमी पडतो. तोंड झाकायलाही सोपे. आणखी एक गोष्ट सांगतो. बौद्ध भिक्षूने जवळ बाळगायच्या आठ वस्तू ठरलेल्या होत्या. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा, आणि आठवी वस्तू पाणी गाळण्याचे फडके. त्यांचा हेतू पाण्यातला बारीक जीव मरू नये हा होता. पण पाणी पिणाऱ्याच्या पोटाचेही त्यात भलेच झाले असणार.

एक सूचना. या पोढ्यांतले पाणी आज पिऊ नका. लहान मुलांना तोंडाशी जाऊ देऊ नका, आणि आत नाणी, पिशव्या टाकू नका.

टाकी देणाऱ्यांची नावे

या टाक्या कोणी दिल्या हेही खडकावर लिहिले आहे. दाते कल्याण, सोपारा, चौल, नाशिक अशा गावांचे. त्यात व्यापारी आहेत, कारागीर आहेत, बाया आहेत. कल्याणच्या एका सोनाराने एक पोढी दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका टाकीवरचा लेख तर इतिहासाला फार उपयोगी पडला. महाक्षत्रप रुद्राची मुलगी सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी होती. तिच्या सतेरक नावाच्या अमात्याने ही टाकी दिली. क्षत्रप आणि सातवाहन ही एकमेकांशी लढणारी घराणी. त्यांच्यात सोयरीक झाली होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः या पाण्याच्या टाकीमुळे.

शेतीचाही उल्लेख आहे. लेण्यांच्या खर्चासाठी लोकांनी शेते लावून दिली होती. त्यातले एक शेत मंगलठाण गावचे. हेच आजचे बोरिवलीचे मागाठाणे. त्या शिवारात आज मेट्रोचे स्थानक उभे आहे. एकदा वास्तू बांधून दिली की झाले, असे त्या लोकांनी मानले नाही. पुढच्या देखभालीची सोयही शेताच्या उत्पन्नातून लावून दिली. आपल्या कितीतरी गावांत टाकी बांधून तयार आहे, पण तोटी तुटलेली आणि झाकण वाऱ्याने गेलेले. नवी तोटी कोणाच्या पैशाने बसवायची, हे कोणी ठरवलेलेच नसते.

घाटकोपरचे पिंप

आता दुसरी जागा. बोरिवलीहून लोकलने अंधेरीला या. वाटेत गोरेगाव लागेल. येथल्या मृणाल गोरे यांचे नाव तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. गोरेगावच्या गोरगरिबांच्या वस्त्यांना नळ मिळावा म्हणून त्यांनी बायकांचे मोर्चे काढले, आणि ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव पडले. २०१२ साली त्या वारल्या.

अंधेरीला मेट्रो धरा. २०१४ साली सुरू झालेली ही मेट्रो घाटकोपरला जाते. असल्फा स्टेशन जवळ आले की खिडकीतून टेकडीकडे पाहा. घराला घर चिकटून टेकडीच्या माथ्यापर्यंत गेले आहे. आणि प्रत्येक दाराशी, गच्चीवर, पत्र्यावर निळी नाहीतर काळी पिंपे. टेकडीवरच्या वस्तीत पाण्याचा त्रास का, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाटाचे पाणी उंचवट्यावर चढत नाही. नळातही दाब असेल तरच पाणी वर चढते. तेव्हा पाणी येते ते ठरलेल्या वेळी, थोडा वेळ, आणि कधी कधी धार करंगळीएवढी. ती वेळ रात्रीची असली तर घरातले एक माणूस जागे राहते. बहुधा ती घरातली बाई असते, नाहीतर शाळेत जाणारी मुलगी.

तेथल्या बाया पिंप कसे भरतात ते पाहण्यासारखे आहे. नळी वापरून झाली की गुंडाळून खिळ्याला टांगतात. गटाराकडेला जमिनीवर पडू देत नाहीत. पाणी आले की पहिली बादली धुण्या-सांडण्याला काढतात, कारण नळ बराच वेळ कोरडा असला की पहिल्या पाण्याबरोबर गंज आणि घाण येते. मग पिंपाच्या तोंडाला दुहेरी सुती फडके बांधून नळी वर धरतात. प्यायचे पाणी वेगळ्या भांड्यात, उंचावर. हे ज्या घरी सांभाळले जाते तेथे दोनशे लिटरच्या पिंपावर पाच माणसांचे घर चालते. ज्या घरी सांभाळले जात नाही तेथे पोरांना हगवण, कावीळ आणि पावसाळ्यात डेंग्यू.

अजूनही काही वस्त्यांत स्वतःचा नळ नाही. त्यांना टँकरचे नाहीतर कॅनचे पाणी विकत घ्यावे लागते, आणि ते नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट महाग पडते. पाणी हक्क समिती या संघटनेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०१४ साली न्यायालयाने सांगितले, की घर कायदेशीर आहे की नाही हा प्रश्न वेगळा. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ते अजिबात नाकारता येणार नाही. हा निवाडा शहरातला असला तरी त्यातला विचार शेतवस्तीवरच्या कुटुंबालाही आपला वाटावा असा आहे.

घाटकोपरहून लोकलने मुलुंडला गेलात तर सकाळी पाहिलेल्या रानाची पूर्वेची कड दिसेल. मधल्या डोंगरात विहार आणि तुळशी हे दोन तलाव लपले आहेत. विहार १८६० सालचा. मुंबईला नळाने पाणी मिळाले ते पहिल्यांदा याच तलावातून. तुळशी १८७९ सालचा. पवईचा तलावही जवळच. तो भरलेला असतो, पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही. पाणी साठले म्हणजे ते पिण्याजोगे झाले असे नव्हे, हे पवईने मोठ्या प्रमाणावर दाखवले. आपले पिंप लहान प्रमाणावर दाखवते.

आज मुंबईचे बहुतेक पाणी लांबून येते. तानसा, वैतरणा आणि भातसा ही धरणे ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांत आहेत. शहापूर तालुक्यातून जाणारे जाडजूड नळ मुलुंड-भांडुपकडे येतात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण उशाला आणि कोरड घशाला! मुंबईत नळ सोडताना आपण आणि आपल्या लेकरांनी हे विसरू नये.

आता आपल्या वस्तीकडे

ही सहल करून घरी आलात की काय करायचे? मी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पिंपाची निवड. औषधाचे, रसायनाचे किंवा तणनाशकाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी पाण्याला वापरू नका. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले विष धुऊन जात नाही. स्वस्तात मिळालेल्या जुन्या निळ्या पिंपात आधी काय होते, हे विकणाऱ्याला विचारा. सांगता आले नाही तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट बैठक. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकीखालचा ओटा पक्का आणि सपाट हवा. टाकी सावलीत ठेवा. तोटी तळापासून चार बोटे वर बसवा, म्हणजे तळाचा गाळ हंड्यात येणार नाही.

तिसरी गोष्ट भरण्यापूर्वीची. टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती खराट्याने घासा. नुसते विसळून भागत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भिंतीला चिकटून राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करण्याचा ठरवून टाका.

चौथी गोष्ट टँकरची. टँकरची नळी मातीत पडलेली असेल तर तोंड धुऊन घ्या, पहिली बादली झाडांना घाला, मग फडक्यातून टाकी भरा. नळीचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून ते निवळू द्या आणि वरचे पाणी घ्या.

पाचवी गोष्ट औषधाची. एक हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम चांगल्या प्रतीची टी.सी.एल. पावडर पुरते. ती तशीच टाकीत टाकू नका. थोड्या पाण्यात कालवा, बादलीत पातळ करा, चुनखडी खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. अर्धा ते एक तास थांबून मग पाणी वापरा. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो. घरच्या पिंपाला एवढे थोडे माप जमत नसेल, तर आरोग्य सेवकाकडून क्लोरीनचे द्रावण घ्या आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरा, नाहीतर पाणी उकळून प्या.

सहावी गोष्ट काढण्याची. भरलेले चांगले पाणी बिघडते ते बहुतेक वेळा आपल्याच हाताने. तांब्या धरून बोटे बुडवली की सारे मुसळ केरात. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि ते वर टांगा. झाकण घट्ट बसवा. पोढीचे लहान तोंड आठवा.

सातवी आणि मोठी गोष्ट पावसाची. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तुमचे पत्र्याचे घर सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल तर छप्पर तीस चौरस मीटर. गावचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरला तर पंधरा हजार लिटर पडले. सांडमांड वजा जाता बारा हजार हाती लागतात. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला चाळीस लिटर धरले तर हे पाणी तीनशे दिवसांचे झाले!

एवढी मोठी टाकी एकदम बांधता येणार नाही, हे मला कळते. पण दोन हजार लिटरची तरी बसवा. ती पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरेल, आणि परतीच्या पावसात भरून ठेवलेली टाकी पुढे पन्नास दिवस प्यायला पुरेल. पावसाआधी पत्रा झाडून घ्या. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडा. त्यात धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. मग पन्हळीच्या नळाला जाळी आणि फडके लावून टाकीत घ्या. हे पाणीही पिण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे शुद्ध करायचेच. तहान लागल्यावर विहीर खोदण्यापेक्षा मृगापूर्वी पन्हळ लावणे किती सोपे!

शेवटी घरातल्या कर्त्या पुरुषांना एक सांगणे. टाकी घ्यायची की नाही हे आपण ठरवतो, आणि पाणी वाहते ती घरातली बाई. टँकरच्या दिवशी मुलगी शाळेत जात नसेल, तर त्या टाकीचा हिशोब नुसता पैशात करू नका. कल्याणच्या त्या सोनाराने देवाधर्माला म्हणून पाण्याची टाकी दिली, आणि त्या दानाची आठवण आज अठराशे वर्षांनीही खडकावर आहे. आपल्या गावात देवळाला घंटा देणारे पुष्कळ आहेत. या वर्षी कोणी वस्तीशाळेला झाकणाची, तोटीची एक टाकी द्यावी आणि तिची तोटी नादुरुस्त झाल्यास बदलण्याचा खर्चही आपल्या अंगावर घ्यावा. तोवर निदान आपल्या घरचे पिंप या आठवड्यात एकदा रिकामे करून घासा. दुपारच्या उन्हात पालथे घाला, आणि झाकण सापडत नसेल तर आधी ते शोधा.